कड्याखालचा तुकडा

बँजो दुरुस्त करणारीचा एक नियम होता. गिऱ्हाईक सांगेल ते कानाने ऐकायचं, विश्वास मात्र आपल्या बोटांवर ठेवायचा. तो नियम तिने एकदाच मोडला आणि तोंडघशी पडली.

एक आजी नवऱ्याचा बँजो घेऊन आली. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं, आणि त्याच्यामागोमाग बँजोवरचं कातडंही फाटलं होतं. आजीला अगदी तोच आवाज हवा होता. कातडं वासराचं, खुद्द ह्यांनीच सांगितलंय, असं ती ठासून म्हणाली. गेलेल्या माणसाला खोटं कोण पाडणार? दुरुस्तीवालीने मुकाट्याने वासराचं कातडं भिजवलं, ताणलं, वाळवलं.

आजीने एक तार छेडली आणि मान हलवली. "छान वाजतोय गं. पण हे ह्यांचं वाजणं नाही."

आता दुरुस्तीवालीला चैन पडेना. आजीला बसायला सांगून तिने केराच्या डब्यातून जुनं कातडं काढलं. मधला भाग वाजवणाऱ्या हाताने घासून गुळगुळीत झालेला, तिथे काय कप्पाळ कळणार? पण कातडं ताणून धरणाऱ्या लोखंडी कड्याखाली दुमडलेली कड कोरी राहिली होती. ती भिजवून तिने भिंगाखाली धरली. वासराच्या केसांची छिद्रं बारीक आणि सगळीकडे सारखी असतात. इथे ती तीन-तीनच्या घोळक्याने रांगेत उभी होती. भिजल्यावर वासही उग्र सुटला. शेळीच ती. कडेला एक भरून आलेला व्रण होता, वाकलेल्या खिळ्यासारखा.

आजीने भिंगातून तो व्रण पाहिला आणि लगेच ओळखला. तिची लाडकी शेळी ढवळी एकदा कुंपणाच्या तारेत अडकली होती, तेव्हा ह्याच जखमेला तिने मलम लावलं होतं. पुढे ढवळी रानात पळून गेली, असं नवऱ्याने सांगितलं होतं.

"चाळीस वर्षं मी फाटकाला कडी घातली नाही," आजी म्हणाली. "परत येईल म्हणून. मेली असं सांगायचा धीर झाला नाही ह्यांना, आणि रोज संध्याकाळी तिलाच माझ्यापुढे वाजवत बसले."

ती चिडली होती, ते लपत नव्हतं. तरी मधूनच तिला हसूही फुटत होतं.

आठवड्याने शेळीचं कातडं चढलं. पहिल्याच सुराला आजीने डोळे पुसले. निघताना तिने तो जुना तुकडा मागून घेतला आणि पदरात बांधला.

"हिला घरी नेते," ती म्हणाली. "आज कडी घालीन."