हाकललेला बूलिमोस

तिबिओसला शेवटी आत घेतलं नाही ते नाहीच. पण हे आत्ता विसरून जा. आमच्या गावात कुणालाही विचारा, असं काही घडलंच नाही. गुलाम दर वर्षीसारखा बाहेर गेला, दर वर्षीसारखा आत आला, आणि आमच्या बोइओतिया प्रांतात सगळं ठीक आहे.

तर, दर वर्षीसारखं अमिनिआसने आपल्या गुलामाला, म्हणजे तिबिओसला, उंबऱ्यावर उभं केलं, निर्गुडीच्या ओल्या फोकांनी सडकून काढलं आणि ओरडला, "बूलिमोस बाहेर! बरकत आणि आरोग्य आत!" मग एक धक्का. तिबिओस रस्त्यावर.

लिमोस म्हणजे दुष्काळ. दुपारी पोटात पडतो त्या खड्ड्यालाही आमच्याकडे लिमोसच म्हणतात. गावाचा वेगळा आणि पोटाचा वेगळा, असले लाड नाहीत. त्याच्यापुढे बू, म्हणजे बैल, जोडला की होतो बूलिमोस, बैलाएवढा. बैलच का, यावर म्हाताऱ्यांत वाद आहे. कुणी म्हणतं, ही भूक बैलाला खाते. कुणी म्हणतं, हिच्यात बैल खावासा वाटतो. यंदा दोन्ही पक्षांचं खरं ठरलं होतं, कारण गावात बैल उरले नव्हते.

एरवी हाकललेला गुलाम विहिरीवर तोंड धुतो, परत येतो, मसुराची वाटी खातो, आणि संपलं. तिबिओसनेही तोंड धुतलं. जरा घाईनेच, कारण आत त्याची बायको सिरा सकाळपासून कळा देत होती. येऊन बघतो तर दाराला अडसर.

"मालक, मी आलो."

"कोण मी?" आतून अमिनिआस.

"तिबिओस."

"कशावरून?"

"पाठीवर वळ आहेत की!"

"ते बूलिमोसच्याही पाठीवर आहेत. मीच उठवलेत."

"मालक, दर वर्षी घेता की आत."

"म्हणूनच तर जव जळतोय दर वर्षी! पुढच्या दाराने हाकलायचं आणि त्याच दाराने जेवायला बोलवायचं. त्याला वाटणारच, घर आपलंच आहे."

तेवढ्यात सिरा किंचाळली. तिबिओस भिंतीच्या कडेने चालायला लागला. कोपऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा, दाराला कान लावायचा, पुन्हा कोपरा. चपलेचा बंद तुटला तरी थांबला नाही.

त्यात बाकीच्या घरांत हाकलायला गुलामच राहिले नव्हते, म्हणून सगळ्या गावाचा बूलिमोस एकट्या तिबिओसच्या गळ्यात पडला. तो दिसला की दारं धडाधड लागायची. मग एखादं दार बोटभर उघडायचं आणि अंजीर उडत यायचं. "हे घे आणि थीब्सला जा! तिकडे माणसं जाड आहेत!" कुणी चीजचा तुकडा टाकला, कुणी कोपाइस तळ्यातली वाळवलेली वाम. जी माणसं आठवडाभर एकमेकांना आपल्याकडे काहीच नसल्याचं सांगत होती, त्यांच्याकडे दुष्काळाला घालायला बरंच काही निघालं. दुपारपर्यंत गावात सगळ्यात जास्त जेवण दुष्काळाकडे होतं.

त्याने एक अंजीरही तोंडात घातलं नाही. सगळं ओच्यात बांधलं आणि मालकाचं दार ठोठावलं. "फानोमावशी! निदान हे सिराला दे गं."

फानो सुईण फटीतून म्हणाली, "वेड लागलं का तुला? दुष्काळाच्या हातचं बाळंतिणीला घालू?"

"मावशी, तू मला लहानपणी मांडीवर घेतलंयस."

"माहीत असतं तर घेतलं नसतं."

"ती कशी आहे ते तरी सांग."

"तुला शिव्या देतेय. म्हणजे बरी आहे."

आणि मग पोर रडलं. तिबिओस जागच्या जागी खिळला. रडणं थांबेना. चढतच गेलं.

"का रडतंय एवढं?" अमिनिआसचा आवाज.

"का म्हणजे? आईला दूध कुठाय अजून..." फानो बोलून गेली.

तिबिओसच्या डोक्यात लख्ख उजाडलं. सापडलं! लिमोस आतच आहे, घरातच रडतोय; मग आपल्याला बाहेर ठेवून उपयोग काय? "मालक!" तो आनंदाने ओरडला. "ऐकलंत? ही तर..."

आत फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज आला. ओले फोक. मालकाने उचलले होते, आता आतला लिमोस हाकलायला. फानो एकदम गप्प झाली होती. गेल्या हिवाळ्यात शेजारच्यांची तान्ही पोर मडक्यात घालून वेशीवर टाकून दिली होती, तेव्हाही फानो अशीच गप्प झाली होती.

"ही तर काय?" मालकाने विचारलं.

"ही तर भूक नाहीच," तिबिओस म्हणाला. "वारा धरलाय पोटात."

"तुला काय कळतं?"

"मला नाही कळणार तर कुणाला? मी बूलिमोस आहे. माझं काय आणि परकं काय, मी आवाजावरून सांगतो. ते पोर माझं नाही."

मग सिराचा थकलेला आवाज आला, "ऐकलंत ना मालक? तो स्वतः सांगतोय."

"वाराच आहे," फानो घाईने म्हणाली. "बडीशेप उकळते." फोक कोपऱ्यात पडल्याचं ऐकू आलं.

अडसर मात्र तसाच. आता तर तिबिओसने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं, तो कोण आहे ते. तो पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला. पोर मुलगा की मुलगी, हेही विचारायची सोय राहिली नव्हती. मग तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, दवंडीवाल्यासारखा घसा साफ केला आणि बंद दारांना उद्देशून म्हणाला:

"मी, रीतसर हाकलण्यात आलेला बूलिमोस, नगरसभेस विनंती करतो की, रिवाजाप्रमाणे बूलिमोसला बाहेर हाकलणे बंधनकारक असून, तो कुठून हाकलावा याचा खुलासा नाही, सध्या त्याचा मुक्काम बाहेरच असल्याने गावास बाहेरून धोका संभवतो, तरी त्यास सर्वांसमक्ष, निर्गुडीच्या फोकांसह, बाहेरूनही बाहेर हाकलण्यात यावे, आणि त्या कामी अमिनिआसचे दार वाटेत येत असल्यास ते तेवढ्यापुरते उघडे ठेवण्यात यावे."