चिकटलेले शून्य

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि हे सांगताना मला तिळमात्र संकोच वाटत नाही. माझ्या निम्म्या कळांवरची अक्षरे पुसली गेली आहेत. मागचा एक पाय मोडला आहे आणि त्या जागी पुठ्ठ्याची घडी बसवली आहे. पण मी एक अख्खे राज्य चालवले आहे. तुमच्यापैकी कितीजणांना असे म्हणता येईल?

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे एक यंत्र माझी प्रत्येक कळ हजार वेळा दाबून पाहत असे. माझे उजव्या कोपऱ्यातले रुंद शून्य तेव्हा सर्वांत मऊ होते. तपासणारी बाई शेजारणीला म्हणाली, "याचं शून्य बघ, लोण्यासारखं आहे." एवढे कौतुक मला आयुष्यभर पुरले.

पुढे मी एका बुकबाइंडरच्या कारखान्यात आलो. कारखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत कापायचे यंत्र आणि पुठ्ठ्यांच्या थप्प्या, दुसरीत शिलाईचे टेबल आणि खळ शिजवायची शेगडी. खळ म्हणजे पुस्तके चिकटवायची पिठाची पेज. बाइंडरांच्या सूनबाई माझ्यावर पुस्तकांच्या पाठीवर छापायची नावे टाइप करत असत. त्या टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या होत्या. दहाही बोटे चालायची आणि नजर कागदावरून हलायची नाही. त्यांचा हात इतका हलका होता, की मला दाबले गेल्याचे कळायचेही नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला पडदा दिसत नाही. मी छताकडे तोंड करून पडलेला असतो, त्यामुळे मला दिसतात ती माणसांची तोंडे. पडद्यावर काय आहे ते मला कुणी मोठ्याने वाचले तरच समजते. पण काय टाइप झाले आणि काय नाही, हे सगळ्या जगाच्या आधी मला कळते.

काही वर्षांनी सूनबाईंसाठी नवा संगणक आला. जुना संगणक आणि मी शेगडीजवळच्या कोपऱ्यात गेलो. मला वाटले, आपला कारभार आटोपला. पण त्याच सुमारास बाइंडरांची नजर अधू झाली, सूनबाईंनी त्यांना कापायच्या यंत्रापासून दूर केले, आणि ते माझ्यापुढे येऊन बसले. फिरता फिरता त्यांना इंटरनेटवर राज्याचा एक खेळ सापडला.

या खेळाला काही विकत घ्यावे लागत नसे. पान उघडायचे, नाव द्यायचे, की चार झोपड्या आणि एक ओसाड टेकडी आपली. मग गहू पेरायचा, दगड काढायचा, तट बांधायचा, सैनिक ठेवायचे. ठिकठिकाणची हजारो माणसे एकाच वेळी तो खेळत. त्यातला वेळ खरा असे. फौजेला पोहोचायला तीन तास लागणार म्हटले, की खरोखरीच तीन तास लागत. एवढा धीर कुणाला असतो? पण खळ वाळेपर्यंत पुस्तकाला हात न लावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला तो खेळ मानवला.

त्यांनी राजाचे नाव घेतले 'पुठ्ठा'. दोन बोटांनी टाइप करत त्यांनी तीन वर्षांत सात गावे वसवली आणि दहा-बारा राज्यांच्या एका संघाचे प्रमुख झाले.

"बाबा, तिकडे रजिस्टरं शिवायची पडलीत आणि तुम्ही गहू काय पेरताय!" सूनबाई ओरडायच्या.

"अगं, पेरून झाला. आता कापणीपर्यंत मोकळाच आहे. आण ती रजिस्टरं," ते म्हणायचे.

संघात कुणाला दगड कमी पडला, की बाइंडर पाठवत. कुणावर हल्ला झाला, की फौज पाठवत. स्वतः मात्र कधी कुणाकडे काही मागत नसत. "आपण मागणाऱ्यातले नाही," असे ते मिशीतल्या मिशीत म्हणत. मला त्यांचा हा ताठा फार आवडायचा. मीही तसाच होतो.

मग एके दुपारी त्यांच्या हातातल्या ब्रशातून खळीचा एक थेंब नेमका माझ्या शून्यावर पडला आणि फटीतून आत उतरला. तो आत वाळला. त्या दिवसापासून शून्य एकदा उमटले, की दुसऱ्यांदा सहज उमटेना. बाइंडरांनी त्यावर उपाय काढला. ते अंगठ्याने शून्य दणकून दाबायचे. "याला जरा दम द्यावा लागतो," असे म्हणून हसायचे. खरे सांगतो, मी त्यात मिरवलो. ही कळ फक्त राजाच्या अंगठ्याचे ऐकते, असे मला वाटे.

त्यानंतर बाइंडरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी एक मंगळवार ठरला. डॉक्टरांनी आठवडाभर पडद्याकडे बघायला बंदी केली. नेमकी त्याच मंगळवारी संघातल्या घंटीवर संकटाची वेळ आली. घंटी ही कुठल्याशा शहरात बस चालवणारी एक बाई. गाडी शेवटच्या थांब्यावर लागली, की ती फोनवर खेळायची. अकरा महिने खपून तिने एकच गाव उभे केले होते. शेजारच्या मोठ्या राजाची फौज चार वाजता त्या गावावर पोहोचणार होती, आणि तेव्हा घंटी रस्त्यावर गाडी चालवत असणार होती. "तू गाडी चालव, गाव मी बघतो," असा शब्द बाइंडरांनी तिला दिला होता. संघातल्या बाकीच्यांनाही त्यांनी कळवले होते, की मी एकटा पुरेसा आहे, तुम्ही आपापली राज्ये सांभाळा.

मंगळवारी साडेबाराला सूनबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. फोन मोठ्या आवाजात लावून टेबलावर ठेवला होता. पलीकडे बाइंडर दवाखान्यातल्या खाटेवर होते.

"चारशे पाठव. घंटीच्या गावाला. तीन तास लागतील, साडेतीनला पोहोचतील," ते म्हणाले.

"बाबा, ऑपरेशन झालंय तुमचं. जरा स्वस्थ पडा."

"चारशे गेले, की पडतो."

सूनबाईंनी आकडा कागदावर टिपला आणि नेहमीप्रमाणे नजर कागदावरच ठेवली. चार दाबले. शून्य दाबले. पुन्हा शून्य दाबले, फुलासारखे. ते दुसरे शून्य माझ्या आत खळीवर टेकले आणि तिथेच राहिले. मला कळले. मला तोंड असते, तर मी दोन्ही खोल्या दणाणून सोडल्या असत्या. सूनबाईंनी एंटर दाबला, "गेले हो बाबा," असे म्हणून फोन ठेवला आणि त्या शिवणाला लागल्या.

मित्रांनो, दीड तास मी ते गुपित पोटात घेऊन पडून होतो. ज्या कळीचा मला गर्व होता, तिनेच घात केला होता.

दोन वाजता सूनबाई सहज डोकावल्या आणि मोठ्याने वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. "बाबा, फक्त चाळीस येताना दिसतात? मी आता गाडीवर चालले," असे घंटीने लिहिले होते. सूनबाईंनी दोनदा आकडा वाचला. हातात दोन तास, आणि आमच्याकडून वाट तीन तासांची. आता हजार पाठवले असते तरी उपयोग नव्हता.

त्यांनी फोन हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. मग दहाही बोटे माझ्यावर टेकवून त्यांनी सगळ्या संघाला लिहिले, "मी पुठ्ठ्याची सून. बाबा दवाखान्यात आहेत. माझ्या हातून चूक झाली, चारशेऐवजी चाळीस गेले. घंटीच्या जवळ कोण आहे? ज्याला जमेल तेवढे पाठवा."

थोडा वेळ काहीच आले नाही. मग सूनबाई एकेक वाचू लागल्या. "दीडशे निघाले. पहिल्या आठवड्यात मला दगड पुठ्ठेबाबांनीच दिले होते." "नव्वद पाठवते. बाबांचे डोळे कसे आहेत?" "साठच आहेत, चालतील का?" "माझेही नव्वद घ्या." तीन वर्षे ज्याला सूनबाई रिकामपणचा उद्योग म्हणत होत्या, त्यात एवढी माणसे होती.

चार वाजून पाच मिनिटांनी त्यांनी फोन लावला.

"बाबा, गाव वाचलं. आपले चाळीस धरून चारशे तीस उभे होते." मग त्यांनी सगळे सांगितले.

"तू मागितलंस त्यांच्याकडे?"

"मागितलं."

"मी नसतं मागितलं."

"माहितीये. म्हणून तर तुम्हाला विचारलं नाही."

संध्याकाळी सूनबाईंनी माझी एकेक कळ दाबून पाहिली आणि चोर पकडला. त्यांचा नवरा म्हणाला, "फेकून दे ना तो, नवीन आणू." माझा जीव टांगणीला लागला. पण त्यांनी मला उलटे केले, कागदाची घडी मोडायच्या हाडाच्या पट्टीने शून्याची टोपी उचलली आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खळीची ती खपली काढली. हरभऱ्याएवढीसुद्धा नव्हती.

आठवड्याने बाइंडर काळा चष्मा लावून माझ्यापुढे बसले. त्यांनी चार दाबले आणि सवयीने शून्यावर अंगठा दणकून रोवला.

"चाळीस लाख?" ते वाचून दचकले. "एवढे सैनिक सगळ्या खेळात नसतील!"

शिलाईच्या टेबलावरून सूनबाई हसल्या. "बाबा, आता हळू दाबा."

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आमच्यासारख्या वस्तूंची कळ अडू लागली, की हाताचा जोर वाढवू नका, आत काय सांडले आहे ते पाहा. आणि जोर करून काम भागतेय म्हणून माझ्यासारखे मिरवू नका.

बाइंडरांनी चारशे नीट टाइप केले. मग ते थोडे थांबले, सूनबाईंकडे पाहिले, आणि संघाला दोन बोटांनी सावकाश लिहू लागले. ते वाक्य सगळ्यांच्या आधी मला कळले. "माझ्याकडे दगड कमी पडतोय. कुणी थोडा देईल का?"