दोन तास बसायला कुणीतरी

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "सोबत कोण येईल?" तिथंच माझं घोडं अडलं.

तोवर मी मान डोलवत होते. दोन तऱ्हेच्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. त्यांनी माझं वजन वाढलं, मन होतं तिथंच राहिलं. आता हे नाकात मारायचं औषध. तेही घरी न्यायचं नाही, दवाखान्यातच, सिस्टरच्या डोळ्यांदेखत घ्यायचं. आधी दोन तास काही खायचं नाही, अर्धा तास पाणीसुद्धा नाही, नाहीतर उलटी होते. घेतल्यावर दोन तास तिथंच खुर्चीत बसायचं, कारण चक्कर येते, झोप येते, बीपी चढतं, आणि आपण आपल्यापासून लांब गेल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी झोपून उठेपर्यंत गाडी चालवायची नाही. आणि घरी एकटीनं जायचं नाही. पहिला महिनाभर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं.

"मुलगा येईल," मी म्हणाले. वीरधवल फौजेत आहे, त्या दिवशी तो माझ्यापासून अर्ध्या देशाएवढा लांब होता. फोन करतो. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे रे." झालं. त्याचे बाबा गेल्यापासून आमचं एवढंच बोलणं आहे.

मी अंजना. सगळी नोकरी कोयनानगरला प्रकल्पाच्या ऑफिसात झाली. हे पॉवरहाऊसला होते. निवृत्तीनंतर साताऱ्यात फ्लॅट घेतला, दवाखाना जवळ म्हणून. दवाखाना जवळ होता तरी हे गेलेच. मग मी दुसऱ्या मजल्यावर एकटी राहिले. आधी वाटलं दुःख आहे, सरेल. दुःख परवडलं हो, दुःखात माणूस निदान रडतं तरी. मला कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि उठून गॅस बंद करावासा वाटायचा नाही. सकाळी जाग आली नाही तरी कुणाचं काही अडणार नाही, असं मनात यायला लागलं. त्याची भीतीही वाटेना, तेव्हा मात्र मी रिक्षा केली आणि या दवाखान्यात आले.

त्या दिवशी घरी येऊन माणसं आठवून बघितली. मनुवन्सं, म्हणजे माझी नणंद, पाटणहून एका हाकेत आल्या असत्या. पण त्यांच्या तोंडाला कडी नाही. मी घरी पोचायच्या आत अंजीचं डोकं फिरलं ही बातमी सगळ्या भावकीत पोचली असती. ऑफिसातल्या मैत्रिणी नातवंडांमागं पांगल्या होत्या. शेवटी उरली खालच्या मजल्यावरची शाहजादीभाभी. तिच्या नवऱ्याची, मुजीबभाईंची बेकरी आहे, ती स्वतः दुपारपर्यंत घरीच असते. जिन्यात भेटलो की "बरं हाय का ताई?" "बरं आहे भाभी." एवढीच ओळख, पण बाई सरळ.

"भाभी, सायनसचा फार त्रास आहे," मी तिला सांगितलं. "नाकात स्प्रे मारतात. चक्कर येते म्हणून सोबत लागते. याल का?"

"येते की. त्यात काय इचारायचं?"

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, ते निभावायला लागते. ते मला पुढं कळलं.

पहिला मंगळवार बरा गेला. संयोगिता सिस्टरनं बीपी बघितलं, नाक शिंकरायला लावलं, मान थोडी मागं करून एका नाकपुडीवर बोट ठेवायला सांगितलं. "काकू, हळू ओढा, तपकीर ओढल्यासारखं नको." मग दुसऱ्या नाकपुडीत. थोडं थांबून परत. घशात कडू उतरलं. थोड्या वेळानं माझा हात खुर्चीच्या दांडीवर होता, पण तो कुणाचा तरी हात होता. बांगडी ओळखीची वाटली, एवढंच. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज पलीकडच्या घरातून यावा तसा येत होता. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्याच वेळी छातीवरचं ओझंही कुणीतरी बाजूला धरून उभं राहिलं होतं. सिस्टर मध्येमध्ये येऊन बीपी बघून जात होती. दोन तासांनी मी परत माझ्यात आले आणि ओझंही आलं, पण जरा हलकं.

बाहेर भाभी बाकावर बसून होती. रिक्षात म्हणाली, "ताई, माझ्या माहेरी आष्ट्याला सर्दीला ओव्याची पुरचुंडी शेकत्यात. संध्याकाळी आणून देते." दिलीही. ती तव्यावर गरम करून नाकाला लावून मी बसले, धडधाकट नाकाला. हसावं की रडावं कळेना.

शुक्रवारी निघायच्या आधी ती वर आली, हातात बेकरीतली गरम खारी आणि चहाची किटली.

"रिकाम्या पोटी औषध घ्यायचं नसतंय. खावा."

"भूक नाही भाभी."

"तोंड बघा कसं झालंय. न्हाई खाल्लं तर मी बी येत न्हाई जावा."

तिनं ते लाडानंच म्हटलं होतं. पण मला वाटलं, आता नको म्हणावं तर का नको ते सांगावं लागेल. सायनसच्या औषधाला उपाशी कशाला राहायचं? एका खारीनं काय होतंय, असं म्हणून मी दोन खाल्ल्या, वर कपभर चहा. दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लंय का काकू?" मी म्हणाले, "नाही." एकदा खोट्याची सवय लागली की ते आपसूकच तोंडातून बाहेर पडतं.

औषध नाकात गेलं. थोड्या वेळानं खुर्ची हलली. आधी वाटलं भास. मग ट्यूबलाईट हलली, फरशी पायाखालून सरकायला लागली.

आता हे साताऱ्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. कोयनेच्या माणसाची जमीन हलली की त्याचं डोकं पायांना विचारत बसत नाही. भाकरी तव्यावर असो, अंगावर साबण असो, उठायचं आणि मोकळ्यावर पळायचं. आम्ही पाळण्यात असल्यापासून तेच शिकलो. डॉक्टरीणबाईंनी चक्कर येईल म्हणून बजावलं होतं, पण पायांना कुठं कुणी सांगितलं होतं?

"भूकंप!" मी ओरडले आणि उठले. सिस्टर "काकू, बसा, बसा" म्हणत मागं धावली. मी भिंती धरत बाहेरच्या खोलीत आले, बाकावरच्या भाभीचं मनगट पकडलं आणि तिला ओढत पायऱ्या उतरून अंगणात आणलं. पाय एकमेकांत अडकत होते. पडले नाही ती देवाची कृपा आणि भाभीचे दंड.

कोयनेच्या कॉलनीत धक्का बसून बाहेर आल्यावर एक रीत होती. घरातल्या मोठ्या माणसानं एकेकाला हाक मारायची, ज्यानं त्यानं ओ द्यायची. सगळ्यांची ओ आली की मग श्वास घ्यायचा. मी दवाखान्याच्या अंगणात, लावलेल्या स्कूटरींच्या मधोमध उभी राहून हाका मारायला लागले.

"अहो! आलात का? अहो! वीर, आलास का रं? वीर!"

ओ कुणाचीच येईना. मी पुन्हा हाक मारली, आणखी जोरात. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला हेही दिसत होतं, की एक पांढऱ्या केसांची बाई गेलेल्या नवऱ्याला भर दुपारी हाका मारतेय. तिची मला फार दया आली. ती मीच होते हे कळलं तेव्हा पोटातलं सगळं वर आलं आणि भाभीच्या चपलांवर पडलं.

मला आत नेऊन आडवं केलं. बीपी चढलं होतं, ते उतरेपर्यंत डॉक्टरीणबाई स्वतः शेजारी बसल्या. उलटीत खारीचे पापुद्रे दिसलेच होते. त्यांनी भाभीला विचारलं, "खायला दिलं होतं का यांना?"

"दिलं की. नाकाच्या औषधाला बी खायचं नसतंय व्हय?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग भाभीला एवढंच म्हणाल्या, "ते ताईच सांगतील तुम्हाला." मी डोळे मिटून घेतले.

भाभी काही खुळी नाही. रिक्षात म्हणाली, "सायनसचा दवाखाना न्हाई त्यो. भाईर पाटी वाचली मी. आज वाचली. पयल्या दिवशी वाचली न्हाई, तुमच्यावर इस्वास ठेवला." पुढं म्हणाली, "माझ्या हातच्या खाण्यानं तुमाला काय झालं असतं तर? तुमच्या पोराला काय तोंड दाखवलं असतं मी? सोबतीला न्यायला शेजारीण पायजे, आन् सांगायला न्हाई, व्हय ना?"

तिनं मला वर आणून झोपवलं, गॅसचं बटण तपासलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला आणि दार ओढून घेऊन गेली. नंतर आली नाही. जिन्यात तिची चाहूल लागली की मी आतच थांबायचे.

मंगळवारी मी एकटी गेले. सिस्टरनं विचारलं, "सोबत कोण?"

"येतायत मागनं."

"आले की सुरू करू."

मी बाकावर बसले. माझ्यामागून आलेली माणसं आत गेली, बाहेर आली. एका बाईला तिचा नवरा हाताला धरून पायऱ्या उतरवत होता, मध्येच तिच्या केसांतलं काहीतरी काढून टाकलं त्यानं. मला इतका राग आला त्या दोघांचा. आणि या नियमाचा. एकटेपणानं ज्याचं असं होतं, त्यानंच सोबत माणूस आणायचं! हा नियम ज्यानं केला त्याच्या घरी माणसं उतू जात असतील. साताऱ्यात एवढी गर्दी, स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि मला दोन तास बसायला एक माणूस मिळत नव्हतं.

शेवटी सिस्टर शेजारी येऊन बसली. "काकू, नाही देता येणार आज. शुक्रवारी कशा पळालात आठवतंय ना? त्या बाई नसत्या तर तुम्ही रस्त्यावर गेला असता."

खरं होतं ते. म्हणूनच जास्त लागलं. मी निघाले.

जिना चढताना मी मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता हेही बास. औषध नको, दवाखाना नको. खालच्या मजल्यावर दार उघडं होतं, भाभी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी मान खाली घालून पुढं जाणार होते. पण पुढं काय, तर माझं घर. तो विचार आला आणि पाय उचलेना.

"भाभी, नाकाचं काही नाही मला," मी म्हणाले. "मनाचं दुखणं आहे. जगावंसं वाटत नाही. ते औषध त्याचं होतं. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

तिनं वर बघितलं नाही. लसणाची पाकळी तशीच बोटात धरून राहिली.

"मला ठावं होतं," ती म्हणाली. "त्या दवाखान्याचं न्हाई. तुमचं. तुमच्या घराच्या खाली ऱ्हाते मी, ताई. दादा होते तवा वर पावलं वाजायची, पाट सरकायचा, कायतरी पडायचं. गेली दोन वर्सं वर कोण चालतंच न्हाई. दिस-दिस न्हाई. मी मुजीबला म्हणायची, वर माणूस हाय का न्हाई?"

"मग?"

"मग काय. दोनदा वर आले. दाराला कान लावून हुभी ऱ्हायले. एकदा तर लाईट गेली होती, भर उन्हाळ्याची दुपार. पंखा बंद, म्हटलं श्वास तरी ऐकू येतोय का बघावं. काय बी न्हाई. बेल दाबायला हात उचलला बघा, आन् भ्या वाटलं. दार उघडलंच न्हाई तर काय करू? तशीच खाली आले. दुसऱ्या दिवशी तुमच्या नळाचं पाणी वाजलं तवा जेवले."

ती कुठली दुपार ते मला आठवेना. त्या दिवसांतल्या माझ्या सगळ्या दुपारी एकाच जागी गेल्या आहेत, हॉलमधल्या कॉटवर, दाराकडे तोंड करून. झोप यायची नाही. कुणीतरी यावं असं वाटायचं आणि कोण येणार हेही वाटायचं. म्हणजे ती दाराला कान लावून उभी होती तेव्हा मी आत जागीच होते.

"बेल दाबायची होती हो भाभी," मी म्हणाले आणि तिथंच जिन्यात, तिच्या उंबऱ्याशी बसून रडायला लागले. हे गेल्यापासून मी रडले नव्हते.