अस्तराची साडी

वर्षालीने स्टुलावर चढून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक पुढे ओढली आणि तिचं एक टोक खाली उभ्या असलेल्या सासूच्या हातात दिलं. ट्रंकेच्या मागून ठमी मांजर अंगभर जळमटं घेऊन बाहेर आलं, दोघींकडे ढुंकूनही न बघता खिडकीत जाऊन बसलं आणि स्वतःला चाटायला लागलं.

"हळू, आई. पत्रा गंजलाय, हात कापेल."

"न्हाई कापत. माझ्या लग्नातली हाय ती," इंदुताई म्हणाल्या. "मला वळखती."

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. गुरुवार होता, म्हणजे वर्षालीच्या कंपनीला सुट्टी. लग्नाला चार वर्षं झाली, आणि दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईला इंदुताई भूमहून एसटीने मोशीला यायच्या. सुनेला पहिली शिफ्ट, पहाटे सहाला कंपनीची बस. ती एकटी कुठे कुठे पुरी पडणार, असं त्यांचं म्हणणं. डबे घासायचे, गाद्या गच्चीवर टाकायच्या, पंखे पुसायचे, माळा उपसायचा. चार दिवसांत घर लखलखीत करून बाई परत गावाला.

यंदा मात्र वर्षाली त्यांची वाट वेगळ्याच धास्तीने बघत होती. यंदा त्यांना सांगायचं होतं.

चैत्रात, सातव्या महिन्यात, तिचं बाळ पोटातच गेलं. ते इंदुताईंना ठाऊक होतं. त्या येऊन पंधरा दिवस राहिल्या होत्या, सुनेला खिमटी भरवली होती, तिच्या केसांना तेल लावून दिलं होतं. पण रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांनी त्याच दिवशी तिची पिशवी काढली, ते त्यांना सांगितलेलं नव्हतं. प्रज्वलने दवाखान्याच्या जिन्यातच तिला बजावलं होतं, "आईला एवढ्यात काही बोलू नको. मी सांगतो वेळ बघून." वेळ बघण्यात प्रज्वल मोठा हुशार. सात महिने झाले, तो अजून वेळच बघत होता. आणि इकडे दर पंधरा दिवसांनी सासूचा फोन आला, 'तब्येत सुधारली का गं पोरी' म्हणाली, की वर्षाली 'हो' म्हणून घाईने फोन ठेवायची. एकुलता एक मुलगा. त्याच्यामागे नातवंड नाही, कधीच होणार नाही. हे कळल्यावर या घरात आपण कोण, हा प्रश्न तिला पंच केलेल्या पार्टांची तपासणी करताना, रांगेत जेवणाचं ताट घेताना, कुठेही गाठायचा.

इंदुताईंनी ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांचा वास सुटला. सासऱ्यांचं धोतर, प्रज्वलचे शाळेतले निळे शर्ट, एक झबलं, कुणाच्या तरी लुगड्याचा काठ. त्यांनी एकेक कापड उजेडात धरलं, विरलेलं बाजूला टाकलं, धड असलेलं मांडीवर घेतलं.

"पुसायला घेऊ का हे?" वर्षालीने विचारलं.

"पुसायला नगं. गोधडी शिवती." त्यांनी मांडीवरचं कापड सरळ केलं. "ल्हान. लेकराची. दिवाळी झाली की मोतीबिंदूचं करायचं म्हनत्यात. त्याच्या आदी डोळ्यानं दिसतंय तवर शिवून ठिवती."

आता. आत्ताच सांगायचं. वर्षालीने ओठ उघडलेसुद्धा. पण सासू त्या निळ्या शर्टाची बटणं कातरत होती आणि एकेक बटण वाटीत टाकत होती, ते बघून तिची जीभ उचलेना. तिने जे केलं ते तिचं तिलाही कळलं नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि कपाटातून फिकट जांभळी सुती साडी घेऊन आली. पोट वाढल्यावर सलवारीची नाडी काचायची, तेव्हा दोन महिने घरात ती हीच साडी नेसली होती.

"अस्तराला घ्या," ती म्हणाली. "आईचीच साडी लागते ना अस्तराला."

बाळाच्या गोधडीला खालून आईची नेसलेली साडी लावायची, हे तिच्या माहेरीही होतं. लेकराला अंगाखाली आईचा वास येतो, ते दचकत नाही. खोटं बोलायचंच तर पुरतं बोलावं, असं काहीसं तिच्या मनात असावं.

इंदुताईंनी साडी हातात घेतली. तिच्या मऊपणावरून दोनदा हात फिरवला. सुनेकडे बघितलं नाही.

"ठिव तिथं," त्या म्हणाल्या.

दुपारी जेवताना ठमी ताटाजवळ येऊन बसली. इंदुताईंना मांजराचा तिटकारा; मागच्या वर्षी त्यांनी तिला झाडूने हाकललं होतं. आज त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात भिजवून तिच्यापुढे ठेवला.

"हिला पिलं झाली का न्हाईत अजून?"

"नाही होणार. सोसायटीतल्या पोरींनी ऑपरेशन करून आणलंय तिचं. तो कान बघा, कापलाय ना टोकाला, ती खूण."

"आगं बाई." इंदुताई मांजराकडे बघत राहिल्या. "तरी ठिवलीस घरात."

"म्हणजे काय? ठेवणार नाही तर काय करणार? तिचं घर आहे हे."

"व्हय," इंदुताई म्हणाल्या. "ठिवावंच मानसानं. हाकलू नये."

वर्षालीला त्या बोलण्याचं बरं वाटलं. एवढी माया हिला कुठून आली, असं तिला वाटलं, आणि या मायेच्या जोरावर उद्या सांगूनच टाकू, असंही वाटलं.

शुक्रवारी पहाटे बूट घालताना प्रज्वलने हळूच विचारलं, "आई काही बोलली का?"

"काय बोलणार?"

"काही नाही, सहज." तो लेस ओढत राहिला. "आज उशीर होईल मला. दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम आहे, राव."

बायकोला राव म्हणण्याची सवय त्याला कंपनीत लागली होती. काही टाळायचं असलं की हमखास म्हणायचा.

संध्याकाळी वर्षाली आली तेव्हा इंदुताईंनी ठिगळं जोडून वरची बाजू तयार केली होती. मध्ये निळ्या शर्टाचा चौकोन, भोवती धोतराचं पांढरं, कडेने लुगड्याचा काठ. डोळे अधू झाले तरी हात अधू झाला नव्हता. टाके तांदळाएवढे, एकसारखे.

"उद्या अस्तर लावून धावदोरा घालती. एक कोपरा उघडा ठिवायचा. त्यातनं पोटात भाकरीचा तुकडा घालायचा, मंग शिवायचा. उपाशी गोधडीत लेकरू झोपत न्हाई."

वर्षालीने मान हलवली आणि चहाचं आधण ठेवलं. आज सांगायचं राहिलंच. विषय बदलावा म्हणून तिने गौरीचे फोटो दाखवायला सांगितले. गौरी-गणपतीला तिला रजा मिळाली नव्हती, ऑडिट होतं. प्रज्वल एकटाच गावाला जाऊन आला होता. इंदुताईंनी मुलाने दिलेला जुना मोबाईल काढून एकेक फोटो पुढे सरकवला. मखर. मुखवटे. मग स्वयंपाकघर: खाली बसून एक बाई पोळ्या लाटत होती, पोपटी साडी, तिच्यावर पिवळे ठिपके, कपाळावर पीठ लागलेलं. ती फोटो काढणाऱ्याकडे बघून हसत होती.

"ही कोण?"

"गावातल्या छबूबाईची धाकटी लेक. तिचं तिकडं नांदनं झालं न्हाई, माघारी आलीया. मदतीला येती मला." इंदुताईंचं बोट पुढच्या फोटोवर गेलं. "ह्यो बग, नैवेद्य."

शनिवारी बस अर्धा तास उशिरा आली. चाकणच्या चौकात ट्रक अडकले होते. वर्षाली खिडकीला डोकं टेकून वाक्य जुळवत होती. आई, तुम्हाला एक सांगायचंय. आई, गोधडी शिवू नका. आई, मी काय करू सांगा. कुठलंच वाक्य धड होईना, पण आज बोलायचं हे तिने पक्कं केलं होतं.

घर पुसून लख्ख झालं होतं. डबे ओळीने पालथे घातले होते. इंदुताई गॅलरीतल्या उतरत्या उन्हात बसल्या होत्या आणि गोधडी त्यांच्या पायांवर होती. तीन कोपरे शिवून झाले होते.

"आलीस? हातपाय धू, च्या ठिवती."

"बसा तुम्ही. बघू तरी."

वर्षाली पिशवी खांद्यावर तशीच ठेवून खाली बसली. गोधडी मांडीवर घेतली, निळ्या चौकोनावर हात ठेवला. टाके मोजावेत इतके सुरेख. मग सवयीने, कंपनीत पार्ट उलटून बघतात तशी, तिने ती उलटी केली.

खालून पोपटी होतं. पोपटीवर पिवळे ठिपके.

तिने गोधडी सुलट केली. पुन्हा उलटी केली. मग ती खाली ठेवून आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडलं. तिची जांभळी साडी वरच्या कप्प्यात होती. धुतलेली, घडी घातलेली, गादीखाली दाबून इस्त्रीसारखी केलेली. कुठे कात्री लागलेली नव्हती.

ती बाहेर आली तेव्हा इंदुताई तशाच बसल्या होत्या, सुई बोटांत धरून. त्यांचं नाक लाल झालं होतं.

"सांगायलाच आले व्हते गं, छबूबाईच्या पोरीची साडी घिऊन," त्या म्हणाल्या. "तीन दिस झाले, तोंड उघडंना. म्या म्हनलं त्याला, तुजी बायकू हाय, तू सांग. तर म्हनला, आई, तूच सांग."

"त्यांनी सांगितलं तुम्हाला? माझं?"

"दवाखान्यातच. त्याच दिवशी."

म्हणजे तेल लावलं तेव्हा ठाऊक होतं. खिमटी भरवली तेव्हा ठाऊक होतं. प्रत्येक फोनवर ठाऊक होतं. सात महिने जे ओझं ती एकटी वाहत होती ते मुळात कुणापासून लपलेलंच नव्हतं; फक्त तिच्यापासून बाकीचं लपलं होतं. वर्षालीला रडू येईना. आत काही उरलेलंच नसावं तसं तिला झालं.

"कधी?" असं विचारावं की "का?", हेही तिला ठरवता आलं नाही. इंदुताईच बोलत राहिल्या, घाईघाईने, पाठ केल्यासारखं.

"ती घरात आली तरी तू कुटं जायाचं न्हाईस. हितंच ऱ्हायाचंस. तिला बोललीया मी तसं, ती बी हो म्हनली. घर तुजंच हाय. तुला कुनी हाकलनार न्हाई, माजी शपत."

ठमी उठून आली आणि वर्षालीच्या पायाला अंग घासून पुढे गेली.

उघड्या कोपऱ्यातून आतलं धोतर दिसत होतं. इंदुताईंनी त्याच्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे हे. मी गावाला जाऊन करती."

वर्षाली स्वयंपाकघरात गेली. सकाळची भाकरी फडक्यात होती. तिने करपलेली कड काढून टाकली आणि मधला मऊ तुकडा मोडून घेतला. परत येऊन तिने सासूचा हात हलकेच बाजूला केला, तुकडा कोपऱ्यातून आत सारला आणि अंगठ्याने लांब पोटापर्यंत ढकलला. इंदुताईंच्या बोटांतली सुई घेतली.

ती टाके घालत होती आणि सासू बघत होती. टाके तांदळाएवढे आले नाहीत, पण घट्ट आले. शेवटचा टाका ओढून तिने गाठ मारली.

"आई," ती म्हणाली, "माझी साडी जास्त मऊ होती."

इंदुताईंनी कात्री पुढे केली. वर्षालीने दोरा दातानेच तोडला.