दहा मिनिटांची शाळा

"मावशी, म्हैस अजून आलेली नाही."

सोजरबाई गोष्ट सांगता सांगता थांबल्या. तिसरीच्या वर्गात सतरंजीवर गोल करून बसलेल्या एकतीस मुलांमध्ये त्या बसल्या होत्या. पदर खोचलेला, मांडीवर पुस्तक उघडलेलं. गोष्टीतली शेळी नदीचं घर शोधायला निघाली होती. बगळ्याला विचारून ती पुढे गेली होती आणि आता डबक्यात बसलेल्या म्हशीला पत्ता विचारत होती. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. पण उजव्या हाताला बसलेल्या निकिताने पुस्तकात मान घातली होती, आणि तिला तिथे दिसत होता तो बगळाच. एका पायावर उभा.

"काय म्हनलीस?"

निकिताने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि पान उलटलं. तिथे म्हैस होती.

"आली बघा," ती म्हणाली.

म्हैस उशिरा आली म्हणून मुलं हसली. सोजरबाईही हसल्या, पण त्यांच्या कानशिलांवर घाम फुटला होता. त्यांनी गोष्ट पुढे नेली. त्यानंतर प्रत्येक वेळी अगदी नेमक्या जागी निकिताचा हात येत गेला आणि पान उलटत गेलं. वर्गात दुसऱ्या कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

बिबवेवाडीतल्या महापालिकेच्या त्या शाळेत सोजरबाई शिपाई होत्या. २००४ साल होतं. शाळेत चार संगणक येऊन पडले होते, ते कसे चालवायचे हे शिकायला वर्गाच्या सुहासिनीबाईंना तीन दिवस बाहेर बोलावलं होतं. हेडसरांनी सोजरबाईंना सांगितलं होतं, "पोरं नुसती बसवून ठेवा. माझ्या कानावर कलकलाट आला नाही म्हणजे मिळवलं." पण तो तास वाचनाचा होता. मुलं आपणहून सतरंजी अंथरून बसली आणि एकाने कपाटातलं पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं. नाही म्हणायला जमलं नाही. खरं सांगायचं तर म्हणावंसंच वाटलं नाही.

कारण तो तास सोजरबाईंचाही होता. गेली अकरा वर्षं वाचनाच्या तासाला तिसरीच्या दारासमोरचा व्हरांडा जरा जास्तच झाडला जायचा. आत सुहासिनीबाई दरवर्षीची तीच पुस्तकं दोघांत एक अशी द्यायच्या. आधी त्या वाचायच्या, मुलं शब्दाखाली बोट सरकवायची. मग सगळे मिळून वाचायचे. ऐन रंगात आलं की बाई पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या, "आता पुढे काय होईल बरं?" आत मुलं ओरडून उत्तरं द्यायची आणि बाहेर सोजरबाईंचा झाडू थांबायचा. त्यांनाही पुढचं सुचलेलं असायचं. पण त्यांना कुणी विचारलेलं नसायचं.

लहानपणी इंदापूरकडच्या त्यांच्या गावातही असंच होतं. धाकट्या उत्तरेश्वरला कडेवर घेऊन त्या शाळेच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. पाढे, कविता सगळं ऐकू यायचं. फळा मात्र भिंतीआड होता, तो तेवढा दिसायचा नाही. पुढे उत्तरेश्वर आत जाऊन बसला. सोजरबाईंना घरी बोलावलं गेलं, कारण आता कडेवर घ्यायला त्याच्या पाठची बहीण आली होती. लग्न झालं, पुण्याला आल्या. मूल झालं नाही. शाळेत शिपाई असलेला नवरा गेला आणि त्याच्या जागी यांना घेतलं. हजेरीपटावर अंगठा उठवायचा आणि कामाला लागायचं, असं अकरा वर्षं चाललं होतं.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर निकिता नेहमीसारखी व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिचे वडील संजय भालेराव खराडीच्या एका कंपनीची गाडी चालवायचे, आई दीपाली दोन घरचा स्वयंपाक करून मग तिला न्यायला यायची. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागायची. सोजरबाई एकेका वर्गाला कुलूप लावत आल्या तशी ती म्हणाली, "मावशी, तुम्हाला वाचता येत नाही ना?"

चाव्यांचा जुडगा हातात तसाच राहिला.

"कुनाला सांगितलंस?"

"नाही."

"सांगनार हायस?"

निकिताने थोडा विचार केला. "सांगून काय करू? मला येतं ना. मी शिकवते. बसा."

"आता या वयात? अगं, मी छप्पन वर्साची हाय."

"मग वेळ नका घालवू," निकिता म्हणाली आणि दप्तरातून पाटी काढली.

अशी ती शाळा सुरू झाली. रोज दहा मिनिटं, पायरीवर. निकिताने 'अ'पासून सुरुवात केलीच नाही. "स सोजरचा," म्हणाली. मग ज, मग र. तिसऱ्या दिवशी सोजरबाईंनी स्वतःचं नाव लिहिलं. काना जरा वाकडा झाला होता, पण नाव त्यांचंच होतं. पाटी पुसायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की जरा वेळ."

निकिता कडक शिक्षिका होती. कमरेवर हात ठेवायची आणि हुबेहूब सुहासिनीबाईंच्या सुरात विचारायची, "गृहपाठ का झाला नाही? घरी पाहुणे आले होते का?" गृहपाठ म्हणजे शाळेतून घरी जाताना वाटेवरच्या पाट्या वाचायच्या. सोजरबाई रस्त्यात मध्येच उभ्या राहू लागल्या. 'दवाखाना', 'किराणा', 'केस कापून मिळतील'. वीस वर्षं ज्या गिरणीत त्या दळण टाकत होत्या तिच्या दारावर 'उधार बंद' लिहिलेलं होतं, हे त्यांना त्या आठवड्यात कळलं. त्या एकट्याच रस्त्यात हसल्या.

संगणकाचे तीन दिवस संपवून सुहासिनीबाई परत आल्या तेव्हा मुलांनी उत्साहाने सांगितलं, "बाई, मावशींनी शेळीची गोष्ट वाचली!" बाईंनी दारातून बाहेर पाहिलं. सोजरबाई खाली मान घालून फरशी पुसत होत्या. हजेरीपटावरचा तो अंगठा बाई रोज पाहत होत्या. "अरे वा," एवढंच त्या म्हणाल्या. पण त्या दिवसापासून शाळा सुटताना त्या वाचनाच्या तासाचं पुस्तक कपाटात ठेवायला विसरू लागल्या. ते खिडकीच्या कट्ट्यावर राहायचं. कधी मोठ्या अक्षरांचं, कधी अगदी पहिलीचं.

दिवाळीच्या थोडं आधी एका दुपारी सोजरबाई आल्या त्या जरा वेगळ्याच चेहऱ्याने.

"निकिताबाई, काल मी आमच्या यांच्या फोटूखालचं वाचलं."

"काय लिहिलंय?"

"नाव हाय. गोपाळपतुर आलं मला. फुडं काय तरी एकाला एक चिकटून बसलंय. नाव म्हाईत हाय ओ, गोपाळकृष्ण. पन ते डोळ्याला दिसंना."

"ते जोडाक्षर आहे," निकिता म्हणाली. "दोन अक्षरं एकमेकांना धरून बसतात. ते दिवाळीनंतर घेऊ. आत्ता घेतलं तर गोंधळ होईल."

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी सतरंजीवर निकिताची जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशी ती आईबरोबर आली, पण गणवेशात नव्हती. संजयला खराडीला रोजचं येणं-जाणं झेपत नव्हतं, म्हणून त्यांनी तिकडेच खोली घेतली होती. दीपाली दाखला न्यायला आली होती.

"तिकडे इंग्रजी शाळेत नाव घातलंय," ती सुहासिनीबाईंना सांगत होती. "हे रोज त्या कंपनीत कामाला असलेल्या मुलामुलींना गाडीतून नेतात ना, बाई. सगळी इंग्रजीतच बोलतात म्हणे. हे पुढे बसून नुसतं ऐकतात. ह्यांच्या मनाने घेतलंय, आपली पोरगी तशी मागे बसली पाहिजे."

बाईंकडे यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी दाखल्यावर सही केली आणि निकिताच्या डोक्यावरून हात फिरवला.

सोजरबाई पायरीपाशी उभ्या होत्या. निकिता त्यांच्याजवळ आली. रडली वगैरे नाही. कपाळाला आठी घालून म्हणाली, "जोडाक्षरं राहिली, मावशी."

"ऱ्हाऊ द्या. जमतंय तेवढं बास हाय मला."

"असं नाही चालत." तिने वहीचं पान फाडलं, पायरीवर बसून काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. "हा पत्ता. या तुम्ही."

त्यानंतर सुहासिनीबाईंनी एकदा विषय काढला. दोघीच होत्या तेव्हा बाईंनी हलक्या आवाजात म्हटलं, "सोजरबाई, राहिलेलं मी शिकवू का? मधल्या सुट्टीत बसत जाऊ."

"बघू की," सोजरबाई म्हणाल्या. नंतर दाराशी घुटमळल्या. "तुमी वाईट वाटून घेऊ नका, बाई. तुमी चांगलंच शिकवाल. पन ते तिनं शिकवायचं ठरलंय."

शाळा सुटल्यावर त्या कुलपं लावत यायच्या आणि पायरीपाशी आल्या की पाय आपोआप मंदावायचे. दहा मिनिटं म्हणजे काही मोठा वेळ नाही. पण रोज तेव्हाच तो रिकामा होऊन समोर यायचा, आणि त्याचं काय करावं हे त्यांना कळायचं नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी धुवट नऊवारी नेसली, पिशवीत तिळाच्या वड्यांचा डबा घेतला आणि निघाल्या. स्वारगेटला त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. चार बसच्या पाट्या पाहिल्या, पाचवी वाचली. 'खराडी'. आत चढताना वाहकाला त्यांनी जरा मोठ्यानेच सांगितलं, "खराडी एक!"

वाटभर त्या कागद काढून वाचत होत्या. 'खोली बारा, पिवळी चाळ, पाणी टाकीमागे, खराडी.' कुठेही अडायला झालं नाही. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की पोरीने 'पाण्याची' लिहून खोडलं होतं आणि 'पाणी' केलं होतं. सबंध पत्त्यात एकही जोडाक्षर नव्हतं. सोजरबाईंनी कागदाची घडी घातली आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत राहिल्या.

खराडीला उतरल्या आणि त्यांची वाचता येण्याची ऐट संपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती होत्या, आणि त्यांच्यावर माणसाच्या उंचीची अक्षरं होती, पण त्यातलं एकही त्यांच्या ओळखीचं नव्हतं. त्या एका फाटकाशी गेल्या. पहारेकरी बिहारकडचा होता. त्यांनी कागद पुढे केला. त्याने तो भराभर वाचला, अगदी निकितासारखा, आणि हात लांब करून म्हणाला, "टंकी? उधर, माताजी. पीछे की तरफ."

काचेच्या इमारतींच्या मागे पाण्याची टाकी होती आणि तिच्यामागे पिवळी चाळ. बारा नंबरच्या दारावर पंचशीलाचा लहानसा झेंडा होता. दाराला कुलूप होतं.

शेजारची बाई दाणे पाखडत बसली होती. कौशल्या तिचं नाव. "दापोडीला साखरपुड्याला गेल्यात की," ती म्हणाली. "पाचपतुर येत्याल. बसा. कोन तुमी? आजी का?"

"न्हाय. शाळेतली."

"बाई व्हय?"

"न्हाय. मी तिच्या हाताखाली शिकत हुते."

कौशल्याला काही उलगडलं नाही, पण तिने पाणी दिलं आणि सूपही पुढे सरकवलं. दोघी दाणे निवडत बसल्या.

"गुणाची पोर हाय," कौशल्या सांगू लागली. "पर लई कोमेजली हो. त्या इंग्रजी शाळेत तिला पहिलीत बसवलंय. एवढाल्या पोरांत. बाई काय वाचती ते कळतच न्हाय म्हनं. परवा मला म्हनली, काकू, मी नुसती खिडकीतून बाहेर बघत बसते."

सोजरबाईंचा सुपातला हात थांबला.

पाच वाजले, साडेपाच झाले. टाकीची सावली चाळीवर आली. अंधाराच्या आत घर गाठायला हवं होतं. सोजरबाई उठल्या. वड्यांचा डबा कौशल्याच्या हाती दिला आणि पेन्सिल मागितली.

"मी सांगते की तिला, तुमी येऊन गेला म्हनून. लिवायचं कशाला?"

"न्हाय. लिवायलाच पायजे."

पत्त्याच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. उंबऱ्यावर कागद ठेवून त्या बसल्या. आयुष्यात त्यांनी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. काय लिहायचं ते ठरेना, आणि ठरलं तेव्हा हात चालेना. एक ओळ लिहायला केवढा वेळ गेला. कौशल्या दिवा लावायला आत जाऊन परत आली तरी त्या लिहीतच होत्या.

'निकिता, मी आले होते. भिऊ नको. हळूहळू येतं. सोजर.'

त्यांनी ते ओठ हलवत एकदा वाचलं, कागद दाराखालून आत सरकवला आणि निघाल्या.

थांब्यावर तुरळक माणसं होती. समोरच्या बाजूला शहरातून येणाऱ्या बस थांबत होत्या आणि माणसं उतरत होती. पाठीला पिशव्या लावलेली, गळ्यात ओळखपत्रं असलेली तरुण मुलं, भाजीवाल्या, एक बाई, तिने हाताला धरलेली एक मुलगी. सोजरबाई पुढे झाल्या. मुलगी दुसरीच होती.

त्यांची बस आली. वाहकाने दारातून विचारलं, "मावशी, स्वारगेट?"

"मागनं येते," त्या म्हणाल्या.

बस गेली. समोर आणखी एक येऊन थांबली होती, आणि सोजरबाई टाचा उंचावून उतरणाऱ्या माणसांकडे पाहत होत्या.