फोटोखालची ओळ

"ताई, फोटोखाली काय लिहायचं तेवढं सांगा. पेंटर खोळंबलाय," मॅनेजर म्हणाले.

शिवणखात्याच्या भिंतीवर आईचा फोटो लागला होता. थोड्या वेळाने मालक येऊन तिच्याविषयी दोन शब्द बोलणार होते. मशिनींवर बसलेल्या बहुतेक बायकांना शर्टाची कॉलर आईनेच शिकवली होती. कारखान्यात तिला कॉलरबाईच म्हणत.

"'आमच्या गुरू' लिहू या का? अर्धा कारखाना त्यांनी तयार केला."

"मग तिला कायम का नाही केलंत?"

मॅनेजरांनी मानेवरून हात फिरवला. "ते वरून ठरतं, ताई. आज तो विषय नको. आम्हाला त्या घरच्यासारख्या होत्या."

घरच्यासारख्या. दर वर्षी आठवडाभर तिला घरी बसवायचे आणि नवीन म्हणून परत घ्यायचे. नवीन म्हणजे शिकाऊ. शिकाऊला पगार निम्मा, भरपगारी रजा नाही, म्हातारपणी हातात काही नाही. तिच्याकडे सुई ओवायला शिकलेला पोरगा सुपरवायझर झाला आणि तिलाच उशिराबद्दल बोलू लागला.

"एवढी वर्षं शिकून लोक डॉक्टर होतात," आई जेवताना म्हणायची, "मी आपली अजून कॉलरच शिकतेय." आम्ही हसायचो. पोटात दुखायला लागलं तेव्हाही ती कामावर जात राहिली. खाडा केला की पगार कापत. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा त्यांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

मी पर्समधून तिचा बिल्ला काढला. त्यावर काळ्याभोर केसांची आई होती, आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत 'शिकाऊ'. बिल्ल्याची दोरी मी फोटोच्या खिळ्याला अडकवली.

"पेंटरला जाऊ द्या. ओळ तुम्ही आधीच लिहून ठेवलीय."

"ताई, काढा ते. मालक येतायत."

"तुम्ही काढा."

मॅनेजर जागचे हलले नाहीत. एकेक मशीन थांबत गेलं.

"अहो, कोणीतरी काढा ना ते," ते बायकांना म्हणाले.

आईच्या शेजारी बसणारी मावशी उठली. तिच्या गळ्यातही तसाच बिल्ला होता. फोटोपाशी जाऊन तिने हात वर केला. आईचा बिल्ला जरा तिरका लटकत होता. कॉलरचं टोक बसवावं तसा तिने तो दोन बोटांनी सरळ केला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.