स्वप्नातला पिचर

भुताखेतांना मी घाबरत नाही. महाडला आमच्या परसात एक होतं, त्याला मी रोज सकाळी माझ्या वाटचं पाणी भरायला लावायचे. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो. पण मस्कतला आल्यापासून मी एका गोष्टीला घाबरायला शिकले. मुआजच्या फोनला.

मुआज म्हणजे माझ्या प्रफुल्लचा साहेब. मस्कतच्या गाला भागात त्यांची पंप दुरुस्तीची कंपनी आहे. साहेब ओमानी, वयाने प्रफुल्लएवढाच, शिकलाय अमेरिकेत. तिथून डिग्री घेऊन आला आणि सोबत बेसबॉलचं वेडही घेऊन आला. आल्या आल्या त्याने अख्खं ऑफिस एका खेळात ओढलं. खेळ फोनवरचा. अमेरिकेतले खरेखुरे खेळाडू निवडून प्रत्येकाने आपली एक लुटुपुटूची टीम करायची. खेळाडू तिकडे चांगला खेळला की इकडे आपल्याला गुण. ढेपाळला तर त्याला सोडायचा, कुणाच्याच टीममध्ये नसलेला एखादा उचलायचा, नाहीतर दुसऱ्याशी अदलाबदल करायची. साहेबाला नाही कोण म्हणणार? अकाउंटमधली विद्या, ड्रायव्हर मुस्तफा, सगळे सामील झाले. बॅट कुठल्या बाजूने धरतात हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

प्रफुल्लला मात्र गोडी लागली. तिकडचे रात्रीचे सामने आपल्याकडे उजाडताना संपतात, त्यामुळे वादी अदाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळचा चहा आकड्यांबरोबरच व्हायचा. कप हातात धरून तो स्वतःशी बडबडायचा. हा आठवडाभर चमकतोय, पण त्याचं काही खरं नाही, चेंडू नशिबाने मोकळ्या जागी पडतायत. तो दुसरा रोज आउट होतोय, पण मारतोय दणकून, त्याला आत्ताच उचलायला हवा. सून दीप्ती शाळेच्या डब्यांत बुडालेली, ती कशाला ऐकेल. मी पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकायचे. नावं काही जिभेवर बसत नव्हती, म्हणून प्रफुल्लच्या फोनवरचे फोटो बघून मी माझी ठेवली होती. एक दाढीवाला, एक बटाट्या, एक लांब पायांचा पिचर होता, म्हणजे चेंडू फेकणारा, त्याला मी बगळा म्हणायचे.

ईदला मुआजने सगळ्यांना सीबच्या घरी जेवायला बोलावलं. तिथे त्याच्या आईशी, कुलसुमशी, माझी गट्टी जमली. ती बलुची, तिचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. हलवा खाता खाता माझी जीभ सुटली. तिला मी सांगितलं, मला पहाटे स्वप्नं पडतात आणि ती खरी होतात. आत्ताच बघ, कालच्या स्वप्नात एक गोलमटोल बटाट्यासारखा माणूस चेंडू आभाळात मारत होता. मुआज पलीकडे बसून ऐकत होता. त्याने फोन काढून मला फोटो दाखवले. मी बटाट्यावर बोट ठेवलं.

बटाट्या म्हणजे प्रफुल्लने त्याच सकाळी हेरलेला. त्याने उचलायच्या आत साहेबाने उचलला, आणि पठ्ठ्या पुढचा आठवडाभर नुसता बरसला.

झालं. मुआजचे फोन सुरू झाले. "अम्मा, कुछ देखा?" असं विचारायचा. मी चहावर ऐकलेलं थोडं उलटसुलट करायचे, त्यात घोडा घालायचे, एखादा समुद्र घालायचे आणि सांगून टाकायचे. घरी खजुराच्या पेट्या यायला लागल्या. प्रफुल्ल बिचारा डोकं धरून बसायचा. म्हणायचा, आई, कळत नाही, मी ज्याचा विचार करतो तो अर्बाबने आधीच उचललेला असतो. ऑफिसात साहेबाला अर्बाबच म्हणतात. मी म्हणायचे, साहेब आहे बाबा, हुशार असणारच. आणि पदराआड हसायचे. साहेब खूश तर आपलं घर खूश, एवढाच माझा हिशोब. त्याच महिन्यात प्रफुल्लचा व्हिसा नवा व्हायचा होता आणि त्यासाठी सही मुआजची लागणार होती.

मग आला बगळा. तो प्रफुल्लच्या टीममध्ये होता आणि अजून बाहेरून छान दिसत होता. पण एका सकाळी प्रफुल्ल म्हणाला, याच्या चेंडूचा वेग महिनाभर हळूहळू उतरतोय, कोपर गेलं असणार याचं, लोकांना कळायच्या आत कुणाच्या तरी गळ्यात मारायला हवा. दुपारी मुआजचा फोन. प्रफुल्ल बगळा देतो म्हणतोय, बदल्यात दाढीवाला मागतोय, काय करू? आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "बेटा, सपने में उसका हाथ टूटे पंखे जैसा लटक रहा था।"

मुआजने बगळा घेतला नाही. पुढच्याच सामन्यात बगळ्याने कोपर धरलं आणि मैदानाबाहेर गेला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, वर्षभर खेळ बंद. त्या सकाळी प्रफुल्लने चहा तसाच टाकला. माझ्याही हातातलं लाटणं थांबलं. उगाच. मला माहीत होतं की मी काही पाहिलं नव्हतं, तरी अंगावर काटा आला.

त्यानंतर मुआजचा आवाजच बदलला. पूर्वी हसत फोन करायचा, आता हळू बोलायला लागला, देवळात बोलतात तसा. आणि एका दुपारी त्याने खेळाडूचं नाही, आईचं विचारलं. कुलसुमच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टर म्हणत होते, बायपास करा, लांबवू नका. आणि कुलसुम अडून बसली होती. म्हणत होती, हौसाबहनला, म्हणजे मला, विचार, ती हो म्हणाली तरच जाईन.

या प्रश्नाला चहावर बडबडणारा कुणी नव्हता. माझ्याकडे एक आकडासुद्धा नव्हता. हो म्हणावं आणि ती टेबलावरच गेली तर? नाही म्हणावं आणि घरी बसून गेली तर? खरं सांगावं तर प्रफुल्लने साहेबाच्या गळ्यात मोडका पिचर मारायला काढला होता, हे बाहेर येणार. मग सही कसली आणि व्हिसा कसला. जन्मभर थापा मारल्या, पण त्या दिवशी एकही सुचेना. शेवटी जे खरं होतं तेच म्हणाले.

"बेटा, मुझे कुछ नहीं दिखता।"

मग त्याने फोन ठेवला.

मला वाटलं सुटले. दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल ऑफिसातून आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. अर्बाबच्या आईने ऑपरेशन रद्द केलं म्हणे. तिला कुणीतरी सांगितलंय की पुढचं काहीच दिसत नाही, काळोख आहे. अर्बाब केबिनचं दार लावून बसलाय.

आयुष्यात एकदा खरं बोलले आणि तेच सगळ्यात वाईट ठरलं. जेवण गेलं नाही. डोळे मिटले की कुलसुम हलव्याची बशी पुढे करताना दिसायची. फोन वाजला की वाटायचं, आता ती बातमी आली. दीप्तीने शेवटी विचारलंच, आई, तुम्ही अशा का बसलात, कुणी मारणार आहे का तुम्हाला? मी म्हटलं, मला सीबला सोड. का ते विचारू नकोस. तिने विचारलं नाही, पण गाडीत आरशातून बघत राहिली.

कुलसुम आतल्या खोलीत उशांना टेकून बसली होती. ओठ निळसर. मला बघून तिने तोंड फिरवलं.

मी दार लावलं आणि सगळं ओकले. स्वप्नं नाहीत, घोडे नाहीत, समुद्र नाहीत. पोरगा बडबडतो आणि मी चोरून ऐकते. काळोख दिसला नाही गं, काहीच दिसत नाही मला, साधं जवळचं दिसायलासुद्धा चष्मा लागतो.

ती मला मारेल असं वाटलं. तिच्या हातात तसबीहची माळ होती, ती तिने गच्च धरली. "तीन दिवसांपासून मी सुनांना सांगतेय, माझ्या बांगड्या कुणाला द्यायच्या," ती हिंदीत म्हणाली. "आणि तुला चष्मा लागतो."

मी मान खाली घातली. धाप लागून ती थांबली. मग खऱ्या भीतीपाशी आली. तिच्या शेजारणीचं ऑपरेशन याच डॉक्टरने गेल्या महिन्यात केलं होतं, आणि ती परत आली नाही. माझ्या स्वप्नाचं निमित्त होतं. सुरी तिला तेव्हापासून दिसत होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुझ्या पोराने तो पिचर ओळखला ना? त्याला विचार मग."

मी नको नको म्हणाले. पण तिने मुआजला हाक मारली, त्याच्यासमोरच मला प्रफुल्लला फोन लावायला लावला आणि स्पीकरवर टाकला. मग मी तोंड उघडलं आणि माझ्या लेकाला, त्याच्या साहेबाच्या देखत, सांगितलं की बटाट्यापासून बगळ्यापर्यंत सगळं मीच फोडलं. मुआज माझ्याकडे बघतच राहिला. मग फोनकडे वळला.

"प्रफुल्ल. वो खराब हाथ तू मुझे दे रहा था?"

मनातल्या मनात मी सामान बांधायला घेतलं.

"हां सर," प्रफुल्ल म्हणाला. "दे रहा था."

कुलसुमने हात हलवला, म्हणजे ते राहू दे. तिने शेजारणीचं सांगितलं. प्रफुल्ल आधी म्हणाला, मी डॉक्टर नाही, हे मला विचारू नका. ती म्हणाली, तू पिचरही नाहीस.

मग तो हळूहळू बोलायला लागला, चहावर बोलतो तसा. पिचरचा एक सामना वाईट गेला म्हणून कुणी त्याला सोडत नाही. त्याचा पूर्ण मोसम बघायचा. डॉक्टरांनी अशी किती ऑपरेशनं केली, त्यातली किती धड झाली, हे त्यांना तोंडावर विचारा, विचारायला लाजू नका. शेजारणीची तब्येत आधी कशी होती तेही विचारा. दुसऱ्या डॉक्टरलाही दाखवा.

"और मेरा?" कुलसुम म्हणाली. "माझा वेग उतरलाय का?"

मी देवाला म्हटलं, आता एवढं तरी त्याला गोड बोलू दे रे.

"पहले आप सीढ़ी चढ़ती थीं?" त्याने विचारलं. ती म्हणाली, रमजानच्या आधी गच्चीवर जायचे, आता स्वयंपाकघरापर्यंत जाताना बसावं लागतं.

"तो हां अम्मा, उतरा है. असं उतरताना मी तरी थांबलो नसतो."

मुआजने तोंड हातांत घेतलं. कुलसुमने मात्र उशी सरळ केली आणि म्हणाली, डॉक्टरचा नंबर लाव.

डॉक्टरने म्हणे न रागावता सगळं सांगितलं. शेजारणीची किडनीही गेलेली होती. दुसऱ्या डॉक्टरनेही तेच मत दिलं. दोघांच्या बोलण्यात मला जमेची बाजू मोठी वाटली, पण वजाबाकीही होतीच, आणि ती कुणी लपवली नाही. त्यामुळे तर मला जास्त भीती वाटत होती. माझ्या थापांमध्ये कधी वजाबाकी नसायची.

ऑपरेशनच्या सकाळी कुलसुमने मला बोलावून घेतलं. तिला चाकाच्या पलंगावरून नेत होते. तिने माझा हात पकडला, बोटं बर्फासारखी. म्हणाली, आता एक थाप मार. चांगली मोठी.

मी तोंड उघडलं. भूत आठवलं, विहीर आठवली, काही म्हणता काही जुळेना. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच म्हणाली, "मी पाहिलं स्वप्नात. तू बाहेर रडत बसलीस आणि मी आत बसून तुझा हलवा खाल्ला." दार बंद झालं.

मी रडलेच. मुआज शेजारी येऊन बसला, मुस्तफा ड्रायव्हर भिंतीशी उभा राहिला. सकाळ उलटली, दुपार झाली, त्याने एकदाही विचारलं नाही की काही दिसतंय का. मधेच म्हणाला, प्रफुल्लको बोलना, दाढ़ीवाला अब नहीं मिलेगा. आणि व्हिसाचा कागद उद्या टेबलावर ठेव म्हणावं. मी मान हलवली. मला दोन्ही गोष्टी नीट ऐकूसुद्धा आल्या नाहीत, डोळे त्या दाराला चिकटलेले.

डॉक्टर बाहेर आला तो डोक्यावरची टोपी काढत. मुआजशी अरबीत बोलला. खूप वेळ बोलला, हसला नाही. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी मुआजच्या पाठीकडे बघत उभी होते, एका हाताने भिंत धरून. मग मुआज पुढे वाकला आणि त्याने डॉक्टरच्या कपाळाचं चुंबन घेतलं, उपकार मानावेत तसं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मी मगापासून मुस्तफा ड्रायव्हरचा हात दाबून धरला होता, आणि तो बिचारा दुखतंय म्हणायला घाबरत होता.